चौथं बटण

सादेक, ३ मार्च २०२४

थोआताई,

फोनवर तुला लिहिलेलं मी पाठवण्याआधी पुन्हा पुन्हा वाचतो आणि शेवटी पुसून टाकतो. कागदावर खाडाखोड घाण दिसते म्हणून मी ती करत नाही. तेव्हा हे कागदावर. तुझा पत्ता क्विनने दिला. आपल्या गल्लीतल्या पीठगिरणीवाल्यांची क्विन, तिलाही तैवानात काओशुंगलाच दिलीय. नववर्षाला माहेरी आली होती. तिने तुझ्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली, ती पुढे कधीतरी लिहीन.

मी अजून छपाईच्या दुकानातच आहे. लग्नपत्रिका, मयताच्या सूचना, दुकानांच्या पाट्या. शाळा आठवीत सुटली तरी माझ्या हातून आजवर एकाही नवरीचं नाव चुकीचं छापलं गेलेलं नाही. हे तुला सांगावंसं वाटलं, कारण शुद्ध लिहायला तूच शिकवलंस, पट्टी हातात घेऊन.

काम असं आहे की बांच्या गाण्यांसाठी एक यंत्र घ्यायचंय आणि माझं काही ठरत नाही. घरात कान तुझाच चांगला, म्हणून तुला विचारतो.

हल्ली बांच्या हातून सीडी उलटी बसते. कधी एकीवर दुसरी बसते. डोळे जरा थकलेत, बाकी काही नाही. परवा अडकलेली सीडी त्यांनी नखांनी उकरून काढली, ती आता दर ओळीला उचकी देते. म्हणाले, "हल्ली माल हलका येतो." ती सीडी तू शाळेत असतानाची आहे.

तर स्ट्रीमर नावाचा एक डबा मिळतो. तो इंटरनेटवरून गाणी ओढतो आणि अँपला, म्हणजे आपल्या अँप्लिफायरला, देतो. अँप आपलं तेच राहणार. जपानी लोकांनी टाकून दिलेलं, सायगावहून मोटारसायकलवर तू मांडीवर घेऊन आणलेलं. देव्हाऱ्याच्या दोन बाजूंचे स्पीकरही तेच. बदलायची फक्त सीडीची पेटी.

मी महिनाभर लोकांचं वाचतोय. तीन यंत्रांवर येऊन थांबलोय. पहिलं लहान आहे, अंगावर एका दिव्याखेरीज काही नाही, सगळं फोनवरून चालवायचं. आवाज सगळ्यांत स्वच्छ याचाच, असं बहुतेकांचं म्हणणं. दुसऱ्याला पुढून सगळी काच आहे, गाणाऱ्याचा फोटो येतो, बोटाने सरकवायचं. तिसरं जाडजूड, जुन्या धाटणीचं. त्याला रिमोट आहे आणि रिमोटवर आकडे आहेत. एकेका आकड्याला एकेक रेडिओ केंद्र बांधून ठेवता येतं. दाबलं की यंत्र आपोआप जागं होतं. वीज जाऊन आली तरी पासवर्ड मागत बसत नाही. तुला हसू येईल, पण आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते आठव.

पहिलं घेता येणार नाही, कारण बा फोनला हात लावत नाहीत. आपल्या माला शेवटचं पोचवलं त्या दिवसापासून. तेव्हा साथ होती, विमानं बंद होती, तुला येता येणार नव्हतं हे मला कळत होतं आणि बांनाही कळत होतं. तू पडद्यावर होतीस. बांनी माझ्या हातातल्या फोनवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "आईला पोचवायला कोणी काचेतून येतं का?" त्यानंतर तू फोन केलास तेव्हा ते जे बोलले, ते मी लिहीत नाही. तुला पाठ असेल.

माचं वर्षश्राद्ध यंदा १९ ऑगस्टला, सोमवारी येतंय. दरवर्षी मोठी आत्या सगळ्यांसमोर विचारते, "थोरली कुठंय?" आणि बा म्हणतात, "भात वाढा." तू ये. बांशी मी काही बोललेलो नाही. पण ये.

आणि यंत्राचं कळव.

खिएम


सादेक, ७ एप्रिल २०२४

थोआताई,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असेल असं धरून चालतो.

मागच्या रविवारी बांना सायगावला नेलं, यंत्रं ऐकवायला. नामकाका बरोबर आले, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. समोरच्या घरातून ते आमच्या चपलांचे आवाज ऐकतात आणि थर्मास भरून दारात उभे राहतात. त्यांचं म्हणणं, जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या माणसाशिवाय डबा घेणं म्हणजे नवरी न पाहता लग्न ठरवणं.

दुकानदाराचं नाव बिऊ. तरुण आहे, अंगाला अत्तराचा वास. त्याने बांना मधल्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "काका, आता डोळे मिटा आणि ऐका."

बा म्हणाले, "मिटलेलेच समज. लाव."

त्याने कोणी परदेशी बाई लावली. हळू आवाज, मागे गिटार. नामकाकांनी थोडा वेळ मान तिरकी करून ऐकलं. "काय रे, ही गातेय की शेजारणीची चहाडी सांगतेय?"

"काका, बारकावा बघा ना! तारेवर बोट घासल्याचा आवाजसुद्धा येतोय."

"बोट घासल्याचं ऐकायला मी बसमधून हाडं खिळखिळी करून आलो?" बा म्हणाले. "रडणारं कोणी आहे का तुझ्याकडे?"

शेवटी बिऊने वोंगको, आपलं ते जुनं विरहाचं गाणं, शोधून लावलं. एकच गाणं तिन्ही यंत्रांवर. तुला माहीत आहे, बा आवाज गाणाऱ्यावरून पारखत नाहीत. लांबलचक ओळ खाली उतरते आणि शेवटाला ती लाकडाची टकटक पडते, तिच्यावरून पारखतात. पहिल्या यंत्रावर टक पडली तेव्हा ते आणि नामकाका दोघंही एकदम "हां" म्हणाले. दुसऱ्यावर बा काही बोलले नाहीत. तिसऱ्यावर म्हणाले, "यातलं लाकूड भिजलेलं आहे."

मला आधी काही फरक कळला नव्हता. त्यांनी म्हटल्यावर कळला.

मग ते उठले आणि तिन्ही यंत्रांवरून हात फिरवू लागले. पहिल्याला काही नाहीच. दुसऱ्याच्या काचेला बोट लागलं तर गाणं बदललं आणि कोणीतरी इंग्रजीत ओरडायला लागलं. बांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. तिसऱ्याचा रिमोट त्यांनी बराच वेळ हातात ठेवला. अंगठा एकेका बटणावरून जात होता.

तेवढ्यात मी एक मूर्खपणा केला. बिऊला कोपऱ्यात घेऊन अगदी हळू सांगितलं की त्यांना दिसत नाही, म्हणून बटणंवालंच बघतोय. बांनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाले, "चला. घ्यायचं नाही काही."

बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले. विन्ह लाँगच्या पुलावर आल्यावर बोलले. "मी आंधळा आहे हे परक्या पोराला सांगायला तुला सायगाव गाठावं लागलं?"

"बा, मी हळू बोललो होतो."

"डोळे गेलेत. कान कुठे गेलेत?"

नामकाकांनी थर्मासचं झाकण उघडलं, बंद केलं. मग बांना म्हणाले, "साऊदादा, कॉफी घेता का? गोड आहे. शिव्या द्यायला ताकद येते."

बा हसले नाहीत, पण घेतली.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की डोळे जरा थकलेत. ते खरं नव्हतं. डोळ्याचा पडदा मधोमध गेलाय. कडेचं दिसतं, मधलं पुसलेलं. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही, कडा राहतील. चालताना ते कशाला धडकत नाहीत, म्हणून लोकांना पटत नाही. पण माच्या फोटोसमोर उदबत्ती लावताना ते मान वळवून भिंतीकडे बघतात. त्यांना तशीच ती कडेने थोडी दिसते.

आता तू सांग. चांगला आवाज, जो त्यांना स्वतः लावता येणार नाही? की भिजलेलं लाकूड, जे लावता येईल? मी रोज रात्री ठरवतो आणि सकाळी बदलतो.

खिएम


सादेक, २ जून २०२४

थोआताई,

तुझा निरोप मिळाला. "तिसरं घे. ज्याला दुसऱ्याची वाट बघावी लागते ते गाणं नसतं." मी हे दुकानात माझ्या टेबलाला चिकटवून ठेवलंय. एवढंच लिहिलंस, पण लिहिलंस. श्राद्धाला येण्याबद्दल काही नव्हतं. मी पुन्हा विचारत नाही. म्हणजे, या पत्रात विचारत नाही.

यंत्र आणलं. बांनी खोक्यावर हात ठेवून विचारलं, "भिजलेलं लाकूड?"

"हो."

"हं." आणि गेले अंघोळीला. मला वाटतं त्यांना आवडलं.

आता पुढचं नीट सांगतो, कारण अँप जळलं.

घाबरू नकोस, बा ठीक आहेत.

तुला आठवतं, आपलं अँप जपानचं असल्यामुळे शंभरच्या विजेवर चालतं आणि भिंतीतून येते दोनशेवीसची. मधे तो जड ट्रान्सफॉर्मर. कपाटाखाली डाव्या हाताला ट्रान्सफॉर्मर, उजव्या हाताला भिंतीची वीज, हे या घरात मला कळायला लागल्यापासूनचं. नवीन यंत्राला मात्र थेट भिंतीची वीज लागते. मग मी सगळं कपाट पुढे ओढलं, धूळ पुसली, वायरी सोडवल्या, मापाने कापलेल्या पट्ट्यांनी बांधल्या. ट्रान्सफॉर्मर गरम होतो म्हणून त्याला उजवीकडे मोकळ्या जागी ठेवला आणि डावीकडे भिंतीच्या विजेची नवी पट्टी बसवली. मग दुकानातून चिकटणारी लेबलं छापून आणली. लाल अक्षरांत २२०, निळ्या अक्षरांत १००. चांगली मोठी. काठसुद्धा सरळ आले होते.

तू हे वाचतानाच ओळखलं असशील. मी लेबलं चिकटवताना ओळखलं नाही.

पावसाळा सुरू झालाय. ढग गडगडले की बा अँपचा प्लग काढून ठेवतात आणि आभाळ निवळलं की लावतात, तुला माहीतच आहे. गुरुवारी दुपारी पाऊस थांबला. मी दुकानातून जेवायला येत होतो, फाटकापर्यंत पोचलो होतो. बा कपाटाखाली वाकले, डावा हात सवयीने डावीकडे गेला, प्लग बसला. मी फटाका फुटल्यासारखा आवाज ऐकला. आत गेलो तर खोलीत निळा धूर आणि बा जमिनीवर बसलेले, प्लग हातात धरून.

नामकाका माझ्या मागोमाग धावत आले. "काय उडालं? कोणाचं काय उडालं?" धुराचा वास घेतला आणि त्यांना कळलं. "अरे देवा. कोणत्या गाढवाने डावं-उजवं केलं?"

मी म्हणणार होतो की मी. बा आधी बोलले. "मीच. माझं यंत्र, माझा हात. तुला काय करायचंय?"

नामकाका अँप उचलून आपल्या घरी घेऊन गेले.

ते गेल्यावर बा मला म्हणाले, "इथे काही लिहिलंयस का तू?"

"हो. लेबलं आहेत."

"काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी बोट फिरवलं. माझी लेबलं इतकी गुळगुळीत की बोटाला काठही लागत नव्हता.

"अक्षर सुंदर असणार," ते म्हणाले. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "खिएम, तू माझ्यासमोर उभा राहिलास की मला खांदे दिसतात. तोंडाच्या जागी धुकं आहे. तू रडतोयस का, हे मला विचारावं लागतंय."

मी नाही म्हणालो.

आता अँप नामकाकांच्या टेबलावर उघडं पडलंय. ते म्हणतात वाचेल, एक भाग सायगावहून यावा लागेल. घरात गाणं नाही. नवीन यंत्र हिरवा दिवा लावून तयार बसलंय, पण त्याने दिलेलं घ्यायला कोणी नाही. बा संध्याकाळी दोन स्पीकरांच्या मधल्या खुर्चीत जाऊन बसतात. नुसते बसतात.

ते अँप मांडीवर घेऊन तू तीन तास पाय हलवला नव्हतास, घरी पोचल्यावर तुला उभं राहता येईना आणि बांनी आधी तुला उचललं, मग अँपला. हे मला मा सांगायची. बांनी काल मला सांगितलं. पहिल्यांदा.

खिएम


सादेक, १४ जुलै २०२४

थोआताई,

"बा ठीक?" या तुझ्या दोन शब्दांना मी फोनवर लगेच "ठीक" लिहिलं, बाकीचं इथे.

अँप वाजतंय. नामकाकांनी जळालेला भाग बदलला आणि आतली धूळही काढली. त्यांच्या मते आत एक पाल पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. ट्रान्सफॉर्मर परत डावीकडे नेला. लेबलं मी काढून टाकली. त्याऐवजी शंभरच्या वायरीला माच्या जुन्या ब्लाउजची चिंधी गाठ मारून बांधलीय. ही कल्पना बांची. कापड हाताला लागलं की ते म्हणतात, "ही आपली," आणि प्लग लावतात.

रिमोटवर मी केंद्रं बांधून दिली. एकवर वोंगको. दोनवर जुनी गाणी. तीनवर बातम्या आणि भातपिकाचे भाव. पाचवर कसलंसं फ्रेंच केंद्र आहे, नामकाकांचा हट्ट, त्यांना एक शब्द कळत नाही पण म्हणतात पोट शांत होतं.

चारबद्दल आता लिहितो.

क्विनने नववर्षाला सांगितलेली गोष्ट हीच. की काओशुंगच्या रेडिओवर दुपारी एकला आपल्या भाषेत एक तास असतो, तिकडे कामाला आणि नांदायला गेलेल्यांसाठी, आणि तो आपली थोआ चालवते. ताई, मी हे यंत्र बांच्या डोळ्यांसाठी घेतलं हे खरं आहे. पण तीन यंत्रांवर येऊन थांबण्याआधी मी प्रत्येकात एकच गोष्ट पाहिली होती, तुमचं ते केंद्र लागतं का. तुझा दुपारचा एक आपल्याकडे बाराला वाजतो.

बांना मी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "चारवर तैवानचं काहीतरी आहे." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बा दुपारी बाराला आडवे होतात. तुला आठवतं, आपल्याला खेळायला बंदी, कोंबड्यांनाही बंदी. वादळ आलं होतं तेव्हाही ते झोपले होते. तर गेल्या पंधरवड्यात मी एकदा जेवायला घरी आलो आणि बांची झोपायची झोळी रिकामी. बा मधल्या खुर्चीत ताठ बसलेले. आवाज बारीक. तू हरवलेल्या पासपोर्टची सूचना वाचत होतीस.

मी दारातच थांबलो. थोड्या वेळाने ते पाठ न वळवता म्हणाले, "उभा का? भात झाकून ठेवलाय."

"झोपला नाहीत?"

"उकडतंय."

दुसऱ्या दिवशी पाऊस होता, गारवा होता. तरी खुर्चीत. तिसऱ्या दिवशी नामकाका आले, पायऱ्यांवर बसले, आणि तुझं पहिलंच वाक्य ऐकून त्यांनी तोंड उघडलं. "साऊदादा, हा आवाज तर आपल्या..."

"गप. पगारवाढीचं सांगतेय."

"तुम्हाला तैवानच्या पगारवाढीशी काय करायचंय?"

"ज्ञान वाढवतोय. तूही वाढव, जागा आहे."

तेव्हापासून दोघंही बसतात. तुझी जाहिरात लागली की नामकाका कॉफी ओततात. परवा तू खोकलीस. बा खुर्चीत पुढे सरकले. कार्यक्रम संपल्यावर स्वतःशीच म्हणाले, "बाईला आलं-मध कोणी देत नाही वाटतं." बाई म्हणाले. नाव घेतलं नाही.

रेडिओचा आवाज दोन्ही स्पीकरांतून सारखाच येतो, त्यामुळे तो दोन्हींच्या बरोबर मधे उभा राहतो, जिथे स्पीकर नसतो. आपल्या घरात तिथे काय आहे ते तुला माहीत आहे. देव्हारा आणि माचा फोटो.

तू काही वेगळं बोलू नकोस. बांचं नाव घेऊ नकोस, सादेकचं नाव घेऊ नकोस. ते बटण बंद करतील आणि पुन्हा कधी दाबणार नाहीत, अशी मला भीती वाटते. मला भीतीच जास्त वाटते हे तुला माहीत आहे. तू फक्त रोज येत जा.

आणि १९ ऑगस्टला खरंच येता आलं तर, हे मी विचारणार नव्हतो.

खिएम


सादेक, २० ऑगस्ट २०२४

थोआताई,

तुझं उत्तर परवा मिळालं. मुलाची शाळा, नवऱ्याची रजा, आणि शेवटी "मला धीर होत नाही." पहिली दोन कारणं तू लिहायला नको होतीस, तिसरं पुरेसं होतं. मी रागावलो नाही. बांना मी काही सांगायच्या आधीच ते म्हणाले होते, "येत नाहीये ना? विचारू नकोस कोणाला." त्यांना कसं कळलं? माझे खांदे दिसतात त्यांना, त्यावरून असेल.

कालचं सांगतो.

आदल्या दिवशी सातव्या महिन्याची पौर्णिमा. मी मंदिरात जाऊन छातीला, आई नसलेले लावतात तो, पांढरा गुलाब लावून आलो. काल बा पहाटेपासून स्वयंपाकघरात. नारळाच्या पाण्यातलं मांस आणि अंडी त्यांनी स्वतः शिजवलं, वासावरून. भरल्या कारल्यांचं सूप मी केलं. एक कारलं उकललं, ते मी खाली लपवलं. मोठी आत्या आली, तिची मुलं-सुना आली, गल्लीतली चार घरं आली, नामकाका तर सकाळपासूनच होते. देव्हाऱ्यासमोर ताटं मांडली, भाताची वाटी, तांदळाची दारू, माची आवडती केळीच्या पानातली गोड पुडी. बांनी मान वळवून उदबत्त्या लावल्या.

आपल्याकडे उदबत्ती विझेपर्यंत जेवायचं नसतं. तेवढ्या वेळात आत्याने तोंड उघडलं. "साऊ, थोरली यंदाही नाही? आईच्या नावाने दोन घास शिजवायला मुलगी नको का यायला? लोक काय म्हणतात..."

मी भात वाढायला उठलोच होतो. दरवर्षी तसंच असतं.

बा म्हणाले, "किती वाजले?"

"बाराला थोडी मिनिटं कमी आहेत."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रिमोट काढला. ताई, श्राद्धाला म्हणून मी त्यांना नवा सदरा घातला होता, रिमोट त्यांनी त्यात कधी ठेवला मला कळलंही नाही. अंगठा बटणांवरून गेला, थांबला. आवाजाचं बटण त्यांनी दाबतच नेलं, इतकं की स्पीकरांपुढची चहाची पेली थरथरली. एक जाहिरात संपली. मग देव्हाऱ्याच्या मधोमध तू म्हणालीस, "नमस्कार, काओशुंगहून मी थोआ."

आत्याच्या हातातला पंखा थांबला.

"आली," बा म्हणाले. "आता गप बसा. तिची आई ऐकतेय."

आणि सगळे बसले. तुला कल्पना नसेल, पण काल आमच्या घरात वीस माणसांनी हात जोडून ताइनानच्या कारखान्यातली भरती ऐकली. वादळाचा इशारा ऐकला. विम्याचा अर्ज कुठे करायचा ते ऐकलं. आत्याची सून रडायला लागली ते हरवलेल्या पासपोर्टवर. उदबत्ती विझली, पण बांनी जेवायच्या काड्या उचलल्या नाहीत, म्हणून कोणीच उचलल्या नाहीत. मांसावर चरबी गोठली. नामकाका फक्त एकदा बोलले, पुटपुटत: "बिऊच्या पहिल्या यंत्रावर असती तर टाचणी पडल्यासारखी ऐकू आली असती." बा म्हणाले, "माणसाचा आवाज आहे, टाचणी कशाला पडायला हवी?"

शेवटी तू तारीख सांगितलीस. रोज तू इंग्रजी तारीख सांगतेस. काल त्यापुढे थांबलीस, कागद हलल्याचा आवाज आला, आणि म्हणालीस, "आज सातव्या महिन्याची सोळावी." माची तिथी. एवढंच. मी तुला काही वेगळं बोलू नकोस असं लिहिलं होतं. तू ऐकलं नाहीस ते बरं केलंस.

बांनी बटण बंद केलं नाही. पुढचा चिनी कार्यक्रम सुरू झाला तरी चालूच होतं. ते म्हणाले, "जेवा. गार झालंय, पण आज असंच जेवायचं."

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी भांडी आवरत होतो. बा मधल्या खुर्चीत होते. त्यांनी मला हाक मारली.

"तिला पत्र लिहितोस ना तू?"

माझ्या हातातून वाटी पडली नाही, पण पडली असती. "कधीकधी."

"कधीकधी. पोस्टाचं तिकीट चाटल्याचा आवाज येतो मला." मग म्हणाले, "तिला लिही, तिचा आवाज डावीकडे झुकतो."

"म्हणजे?"

"म्हणजे मधे येत नाही. डावीकडे सरकतो. स्पीकर हलला असणार, नाहीतर नामने अँपमध्ये काही घोळ घातलाय. मी किती दिवस बघतोय. तुला कळायचं नाही, नामला तर नाहीच. लहानपणी या खुर्चीत बसून तीच सांगायची, बा, थोडा उजवा, बा, थोडा मागे. तिच्याशिवाय हे बसायचं नाही. तेव्हा तिला लिही. घाई नाही. पण असं किती दिवस चालवायचं?"

मी म्हटलं, लिहितो.

ते झोपल्यावर मी टेप घेऊन दोन्ही स्पीकरांची भिंतीपासूनची अंतरं मोजली. खुर्चीपासूनची मोजली. मग खुर्चीत बसून आवाज अगदी बारीक करून चार नंबर लावलं. कोणी चिनी बाई बोलत होती. ती बरोबर मधोमध उभी होती, माच्या फोटोसमोर, केसभरही इकडे नाही की तिकडे नाही.

हे मी बांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

खिएम